चार खांबांवरची खोली

नेदरलंड्सच्या फ्रिसलंड प्रांतातल्या त्यांच्या गावचं चर्चचं गायकमंडळ आठवडाभर इंग्लंडला निघालं, तेव्हा हिल्त्याला जायला मिळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. नवरा गेल्यापासून ती अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करत होती. नणंद आउक्ये दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पण यायची रविवारची, केक घेऊन. गायकमंडळात मात्र तीही होती. या वेळी पाद्रीबाईंनीच म्हातारीची सोय वृद्धाश्रमात लावली आणि हिल्त्याला बोटीवर चढवलं.

इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या, भरतीत तुटणाऱ्या लिंडिसफार्न बेटावरून सगळे ओहोटीत वाळूतून चालत परत निघाले. आउक्ये दुकानात मधाची दारू निवडत बसली, त्यामुळे या दोघी मागे पडल्या. अर्ध्या वाटेत भरती सुरू झाली, पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. अशाच अडकलेल्यांसाठी तिथे उंच खांबांवर लाकडी खोली बांधलेली आहे. शिडी चढून दोघी आत शिरल्या. चहूबाजूंनी समुद्र.

"आता गं काय करायचं?" आउक्ये रडकुंडीला आली.

"ओहोटीची वाट बघायची."

लांब किनाऱ्यावर मंडळी हात हलवत होती. हिल्त्या ओले मोजे पिळत बसली. इथे तिला कोणी हाक मारू शकत नव्हतं. तेवढ्यात आउक्येचा फोन वाजला. वृद्धाश्रमातून होता, म्हातारी जेवत नव्हती, हिल्त्या कुठे म्हणून विचारत होती.

"तूच बोल ना," आउक्येनं फोन पुढे केला.

हिल्त्यानं घेतला नाही. "परत गेल्यावर आईंना तुझ्याकडे ने."

"माझ्याकडे? अगं, आमचा जिना किती अरुंद आहे!"

"मग खाली झोपव."

आउक्येनं फोनवाल्या बाईला काहीबाही सांगितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. पाणी उतरल्यावर दोघी शिडीवरून उतरल्या आणि किनाऱ्याकडे चालू लागल्या.

पुढच्या महिन्यात गायकमंडळ कॉफीला जमलं. प्रत्येकानं सहलीतला आवडता क्षण सांगायचा होता. कुणी कॅथेड्रल सांगितलं, कुणी बोटीवरचा नाच. हिल्त्याची पाळी आली, तर आउक्येच बोलली, "हिला तो गुलाबांचा बगीचा! हो ना गं?"

"नाही. ती खांबांवरची खोली."

सगळे हसले. "थंडी डोक्यात गेली हिच्या!" कुणीतरी म्हणालं. हिल्त्या हसली नाही. "तिथे मी आउक्येला एक गोष्ट सांगितली होती. ती ऐकेना, आणि मला पळून जायला जागा नव्हती. पण तिलाही नव्हती."

आउक्येचे कान लाल झाले, ती कप गोळा करायला उठली.

म्हातारी काही आउक्येकडे गेली नाही, हिल्त्याकडेच राहिली. पण आउक्ये दर बुधवारी दुपारी येऊन म्हातारीपाशी बसू लागली. पहिल्या बुधवारी हिल्त्या कोट चढवून बसथांब्यावर गेली. शहराची बस आली, दार उघडलं. कुठे जायचं ते तिला सुचेना. ड्रायव्हरनं विचारलं, "येताय का?"

ती चढली. पुढच्याच थांब्यावर उतरली आणि समुद्रबांधावरून, जाणूनबुजून हळूहळू, घराकडे चालत आली.