लोटन मिस्त्री आणि निथळलेलं ऑईल

कोर्टाच्या बाररूममध्ये चहा घेत होतो. कारकून आत आला आणि म्हणाला, "साहेब, धुळ्याहून फोन होता. लोटन मिस्त्री गेले. सकाळी, हार्टनं." मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "किती वाजता?" जणू काही वेळ कळल्याने फरक पडणार होता. दुपारी माझी एक तारीख होती. जळगाव ते धुळे म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही, पुढची तारीख मागितली असती तर मिळाली असती. पण मी मागितली नाही. उभा राहिलो, तासभर बोललो, केस जिंकलोसुद्धा. अंत्ययात्रेला मात्र गेलो नाही. लोकांना सांगितलं, कोर्टात अडकलो. खरं कारण वेगळं होतं. तो डोळे मिटून पडलेला असतानाही त्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती... का नव्हती, ते सांगायलाच आज लिहायला बसलोय. त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

लोटन मूळचा धुळ्याकडचा, बोली पक्की अहिराणी. मी एदलाबादकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, वकिली करायला जळगावात आलेला. सुरुवातीला एकमेकांची बोली ऐकून आम्ही दोघंही हसायचो. हायवेच्या कडेला कडुनिंबाखाली त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. माझ्याकडे तेव्हा एक म्हातारी अँबॅसिडर होती, आणि ती महिन्यातून दोनदा मला त्याच्या दारात नेऊन उभी करायची. गावात मिस्त्री पुष्कळ होते, पण लोटनचं सगळं लक्ष एका गोष्टीवर असायचं, ऑईलवर. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचा, ऑईलची पट्टी ओढायचा, टोकावरचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये घेऊन चोळत बसायचा. मग नाकाशी न्यायचा. मग एक थेंब जुन्या वर्तमानपत्रावर टाकून त्याचा डाग कसा पसरतो ते बघायचा. आम्ही वैतागायचो. "अरे, हॉर्न वाजत नाही म्हणून आलोय मी!" तर म्हणायचा, "हॉर्न वाजी. आधी तेल काय सांगस ते आयकू दे. तेल बोटले बठ्ठं सांगस." आणि खरोखर सगळं सांगायचं की! एका डॉक्टरांच्या गाडीचं ऑईल चोळून तो म्हणाला होता, यात पाणी जातंय, इंजिनाचं हेड उघडा. डॉक्टर हसले. पंधरा दिवसांनी त्यांचीच गाडी दोरी बांधून आली.

ऑईल बदललं की तो दाराच्या आतल्या कडेवर पांढऱ्या रंगाने पुढचा आकडा लिहायचा, किती किलोमीटरला परत यायचं तो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ निम्मा. कोणी पुस्तक दाखवलं तर म्हणायचा, पुस्तक लिहिणाऱ्याला मे महिन्यात जळगावात आणून बसवा, मग बघू तो काय आकडा लिहितो. इथला फुफाटा, इथलं ऊन, एअर फिल्टर झटकला तर ओंजळभर माती निघते. आकडा उलटून गेल्यावर गाडी नेली तर तो चारचौघांत झाडायचा. मीही बोलणी खाल्ली आहेत. "गाडी तुनी शे, पन इंजिन मनं शे," हे त्याचं वाक्य. वकिलाला अरे-तुरे करून झापणारा जळगावात तो एकटाच होता, आणि मला ते आवडायचं. आज कोणी झापत नाही. सगळे साहेब-साहेब करतात.

मग ती नवी छोटी गाडी आली. नव्वदच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. मी नंबर लावला, गाडी मिळाली, आणि प्रश्न उभा राहिला की हिच्यात ऑईल कुठलं टाकायचं. आपल्याकडे एक समज हाडीमाशी भिनलेला आहे, ऑईल जितकं दाट तितकं ताकदीचं. शेतातल्या इंजिनाला बॅरलचं दाट ऑईल, ट्रॅक्टरला तेच, मोटारीलाही तेच. लोटनने पुस्तक वाचून घेतलं, आठ दिवस विचार केला, आणि सगळ्यांच्या विरोधात जाऊन पातळ ऑईलचे सीलबंद डबे मागवले. म्हणाला, "हाई इंजिन बारीक शे. दाट तेल सकायले वर चढावच नही." बाकीचे मिस्त्री खो-खो हसले. म्हणे खान्देशच्या उन्हात पाण्यासारखं ऑईल! पण गावातल्या वीसेक मालकांनी लोटनच्या शब्दावर तेच टाकलं. त्याने आपली सगळी पत त्या डब्यांवर लावली होती, आणि दोन उन्हाळे एकाही गाडीची तक्रार आली नाही. माझ्या घरीही एक जादा डबा त्याने देऊन ठेवला होता, तो कधी इथे नसला तर असावा म्हणून.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याचं लग्न धुळ्याला ठरलं. नवरदेव माझ्या गाडीतून जाणार, हे मीच मोठेपणाने सांगून बसलेलो. चार दिवस आधी गावी गेलो आणि गाडीचं दार उघडताना दिसलं, लोटनचा आकडा कधीच उलटून गेला होता. तो स्वतः धुळ्याला आईच्या आजारपणासाठी गेलेला, गॅरेज बंद. सीलबंद डबा जळगावच्या घरी माळ्यावर. माझा थोरला भाऊ म्हणाला, "त्याच्यात काय एवढं? आपल्याकडे निथळलेलं आहे ना." आमच्या भागात ही जुनी रीत. इंजिनातलं काढलेलं ऑईल फेकायचं नाही. पिंपात महिना-दोन महिने हलवल्याशिवाय ठेवायचं, गाळ खाली बसतो, मग वरचं वरचं धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायचं. त्यात थोडं बॅरलचं ताजं मिसळलं की विहिरीवरचं इंजिन पुन्हा वर्षभर धडधडतं. आमचे वडील तेच करायचे. भावाने एक मग भरून दाखवला, गुळाच्या पाकासारखं तांबूस दिसत होतं. मला कळत नव्हतं असं नाही. लोटनने ते बोटावर घेतलं असतं तर अख्खा मग माझ्या अंगावर फेकला असता. पण जळगावला जाऊन डबा आणायचा कंटाळा केला मी, आणि तेच गाडीत ओतलं. कंटाळा! दुसरा शब्द नाही त्याला.

पारोळ्याच्या पुढे, भर बाराच्या उन्हात, गाडीने आधी एक कर्कश आवाज काढला आणि मग जाम झाली. इंजिन हलेना. आत नवरदेव मुंडावळ्या बांधून घामाघूम, दोन करवल्या, माझी बहीण. तासभर कोणी मिळालं नाही. शेवटी कांद्याच्या ट्रकमध्ये नवरदेवाला ड्रायव्हरशेजारी बसवून पुढे पाठवलं. मुहूर्त गेला, आणि संध्याकाळी मांडवात मुलीकडचे ताडताड बोलले ते मामा म्हणून मी मान खाली घालून ऐकलं. त्याआधी, आम्ही अजून गाडीपाशीच असताना, धुळ्यात कोणीतरी जाऊन लोटनला निरोप दिला होता. तो एसटीने आला, रस्त्याकडेलाच गाडीखाली शिरला, ऑईलच्या चेंबरचा नट काढला. भोवती मागाहून येऊन थांबलेल्या वऱ्हाडातली पंधरा-वीस माणसं. माझे मेहुणे ओरडले, "कोणी टाकलं होतं ऑईल हिच्यात?" सगळे माझ्याकडे बघायला लागले... आणि मी म्हणालो, "लोटनचंच."

लोटन गाडीखालून बाहेर आला. बोटावर थेंब घेऊन चोळत होता. एकदा चोळला, पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वकील, हाई मनं तेल नही वाटत." तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण मेहुणे समोर, बहीण रडतेय, आणि मी जिल्हा कोर्टातला नावाजलेला वकील, पंपाचं गाळलेलं तेल गाडीत घातलं म्हणून कसं सांगू? मी म्हणालो, "तुझाच डबा. मी स्वतःच्या हाताने सील फोडलं." त्याने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग बोट पँटला पुसलं. म्हणाला, "मंग बोटच चुकनं मनं."

पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी तो जळगावात परतला आणि त्या वीसही मालकांच्या दारी गेला. तेच डबे, तेच ऑईल, तुमच्या गाड्याही जाम होतील, म्हणून हात जोडून सांगितलं. गाड्या आणवल्या आणि एकेकीतलं चांगलं, निर्मळ ऑईल काढून टाकलं, सगळं पदरचं घालून. तीन आठवडे चाललं ते. मी रोज कोर्टात जाताना बघायचो, कडुनिंबाखाली गाडी चढवलेली, लोटन खाली पालथा. एकदा रिक्षा थांबवून उतरलोही. तो म्हणाला, "तुनं नुकसान मी भरी देसू, वकील. माले थोडा येळ दे." मी काय बोललो असेन? "असू दे रे," म्हणालो. असू दे! माझ्या माळ्यावरचा तो सीलबंद डबा मी त्याच आठवड्यात गुपचूप गावी नेला आणि भावाच्या इंजिनात ओतला. इतकं चांगलं ऑईल त्या इंजिनाने जन्मात पाहिलं नसेल.

बाकीच्या मिस्त्रींना आयतं कोलीत मिळालं. "पाण्यासारखं तेल टाकणारा," असं नाव पडलं. पण गिऱ्हाईक तुटलं म्हणून गॅरेज बंद झालं असं मी म्हणणार नाही, काही लोक येतच होते. लोटनच बदलला. पट्टी ओढायचा, फडक्याने पुसायचा, परत घालायचा. चोळणं बंद. दारावर आकडा लिहिणं बंद. डॉक्टरांनी एकदा विचारलं, ऑईल ठीक आहे ना, तर म्हणाला, "पुस्तकमा जे लिखेल शे, तेच करा." वर्षभरात त्याने पत्रे उतरवले, धुळ्याला गेला आणि एका सूतगिरणीच्या वर्कशॉपमध्ये लागला. साहेब सांगेल त्या तारखेला मशीनला ग्रीस भरायचं, एवढंच काम. मी अधूनमधून जायचो. जेवायला बसवायचा, त्याची बायको कमलवहिनी कळण्याची भाकरी आणि ठेचा करायच्या. दरवेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. दरवेळी पोटभर जेवून परत यायचो. साताठ वर्षं गेली अशी. मी इतरांची खोटी साक्ष उलटतपासणीत पाच मिनिटांत फोडतो, लोक वाहवा करतात. माझी स्वतःची कोणी फोडली नाही, आणि ज्याला फोडता आली असती त्याने मला प्रश्नच विचारला नाही.

दहाव्याला मात्र गेलो. सगळे उठून गेल्यावर कमलवहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कपड्यांच्या कपाटातून, खालच्या कप्प्यातून, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. सरबताची जुनी काचेची बाटली, बुचापर्यंत काळ्या तेलाने भरलेली. "तुमनी गाडीनं तेल शे हाई," म्हणाल्या. "त्या दिनले पारोळाथून आनेल." त्या सांगत होत्या... दर सणावाराला, घरी कोणी नसलं की, हा माणूस बूच काढून एक थेंब बोटावर घ्यायचा आणि चोळत बसायचा. त्या विचारायच्या, कशाला तेच तेच? तर म्हणायचा, नवं वाटत नाही हे, आपल्या डब्यातलं वाटत नाही. मग स्वतःच मान हलवायचा. "म्हनेत, पन वकील मनासंगे खोटं कसाले बोली?"

मी सांगितलं. त्याच खोलीत, खाली बसून, निथळलेल्या ऑईलपासून सीलबंद डब्यापर्यंत सगळं सांगितलं. रडलोही. वहिनी ऐकत होत्या. मला वाटलं ओरडतील, हाकलून देतील, निदान तोंड फिरवतील. त्यांनी बाटलीवर पुन्हा फडकं गुंडाळलं, गाठ मारली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "वकीलभाऊ," त्या म्हणाल्या, "आते हाई कोनाले सांगू मी?" आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

बाटली आता माझ्या ऑफिसात आहे, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटात. फेकायला हात होत नाही. घरी न्यावी तर बायकोला काय सांगू? परवा चाळीसगावकडचे एक पक्षकार आले होते, वयस्कर, भले गृहस्थ. कागद काढायला मी कपाट उघडलं तर फडकं सुटलेलं. ते बाटलीकडे बघून कौतुकाने म्हणाले, "वा साहेब, काकवी का? घरची दिसते."

मी म्हणालो, "हो, घरचीच."