डाव्या रांगेतली अक्षरं

नवऱ्याला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि कोथरूडच्या आमच्या घरात मराठीच्या जोडीला इंग्रजी पेपर सुरू झाला. वाचायला त्याला वेळ कुठला? सकाळी कंपनीच्या बसनं जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. तो पेपर उघडायचो मी आणि सासरे, आणि तोही एका कोड्यासाठी. नऊ घरांचा चौकोन, त्यात नऊ अक्षरं. त्यांतून चार किंवा जास्त अक्षरांचे इंग्रजी शब्द काढायचे, आणि मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच.

सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. साहेबांची इंग्रजी पत्रं वर्षानुवर्षं त्यांनीच लिहिली, सही तेवढी साहेबांची. पेपरावर खरडायचं नाही, हा त्यांचा नियम. दोघांनी आपापले शब्द जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला लिहायचे आणि संध्याकाळच्या चहाला मोठ्यानं वाचायचे. दोघांना सापडलेला शब्द बाद, उरतील ते ज्याचे त्याचे.

मी पुण्याजवळच्या मांजरी गावची, मराठी शाळेतली. रोज हरायचे. "मांजरीत उसाशिवाय काही पिकत नाही वाटतं," ते बशीत चहा ओतत म्हणायचे. मी हसायचे आणि आतल्या आत धुमसायचे. तेव्हा मी नोकरीसाठी मुलाखती देत होते आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजीपाशी अडकून घरी येत होते. त्यामुळे कोडं त्यांच्यासाठी विरंगुळा असलं तरी माझ्यासाठी नव्हतं.

मग मी जिंकायला लागले. आधी अधूनमधून, नंतर बऱ्याचदा. एका संध्याकाळी त्यांनी वाचलं, "रोज, सीड, डीअर," आणि थांबले. माझ्याकडे मदर होता, होम होता, थ्री होता. इंग्रजी पत्रं लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला मदर सुचू नये? चष्मा पुसत ते म्हणाले, "शाब्बास. मांजरीत पाऊसपाणी बरं दिसतंय." मला इतका आनंद झाला की मी कप विसळायला उठले आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत राहिले.

कप विसळता विसळताच माझ्या लक्षात आलं होतं. त्या दिवशी डाव्या रांगेत एम, टी आणि एच होते आणि त्यांच्या एकाही शब्दात या तिघांपैकी कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कान देऊन ऐकलं. पुन्हा तेच. डावी रांग त्यांच्या शब्दांत यायचीच नाही.

आता खरं सांगायचं तर मी काय केलं? त्यांना विचारलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. मी डाव्या रांगेपासून सुरुवात करायला लागले. तिथलं अक्षर घेतलं की तो शब्द त्यांच्याकडे नसणार आणि बाद होणार नाही, एवढं मला पक्कं ठाऊक झालं होतं. असं का होतंय, या प्रश्नाकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. डावीकडे ठेवलेला कप त्यांच्या हातानं दोनतीनदा लवंडला, तेव्हा मी फडकं आणलं आणि म्हटलं, "असू दे बाबा, होतं असं." मोठ्या माणसाच्या चुका काढू नयेत हे वळण तेवढं कामाला आलं. शेवटी मला नोकरीही लागली. मुलाखतीत मी न अडखळता बोलले, कारण त्या दिवसांत मला वाटायचं, ज्यांना कोणी हरवत नाही त्यांना मी रोज हरवते.

पुढे एकदा रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही. हातावर खरचटण्यावर निभावलं. त्या आठवड्यात मी त्यांना सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. "हा दुखत नाही, खुपत नाही, कडेनं नजर खात येतो," डॉक्टर म्हणाले. "गेलेली परत येणार नाही. थेंब घालून उरलेली राखायची. पण डावीकडची इतकी जाईपर्यंत घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

सासरे म्हणाले, "मलाच कळलं नाही, तर घरच्यांना काय कळणार?" मी पर्सचा बंद घट्ट धरून बसले होते. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि रडण्याचा हक्क आपल्याला नाही एवढं तरी मला समजत होतं.

नंतर थेंब घालायचं काम मी माझ्याकडे घेतलं. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर, एकदाही चुकवलं नाही. सोसायटीतल्या बायका कौतुक करायच्या. त्यांचं कौतुक मी पचवलं. लोक बोलायचेच.

पण एका रविवारी आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांच्या बहीण, त्यांना बघायला आल्या. त्या हात धुवायला गेल्या तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि सासऱ्यांच्या खुर्चीपाशी, त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. आत्याबाई परत येऊन समोर बसल्या. सासरे आवाज खाली आणून त्यांना म्हणाले, "तिच्या तोंडावर मी बोलत नाही, चढून बसेल. पण खरं सांगतो, सगळ्यांत आधी तिच्याच लक्षात आलं. तिनं ओढून नेलं नसतं तर मी पुरता आंधळा झालो असतो."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. सासऱ्यांना वाटत होतं मी स्वयंपाकघरात आहे.