अनंताचं नव्व्याण्णव साल

अनंता विशेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भांडत होता, आणि मला वाटलं भांडण बांधाचं असावं. शहाण्णव साल होतं. माझी मुलगी अनिता भातसानगरच्या दवाखान्यात नर्स होती. तिला धरणाच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं आणि मी माझी पत्र्याची पेटी घेऊन तिच्याकडे राहायला आले. तीस वर्षं तमाशाच्या फडात काढलेली बाई मी. संध्याकाळ झाली की पाय आपोआप माणसांचा घोळका शोधतात. कॉलनीत घोळका एकाच ठिकाणी असायचा, बास्केटबॉलच्या कोर्टाशेजारी पडलेल्या सिमेंटच्या पाइपांवर. तिथे अनंता उभा होता आणि समोर बसलेल्या धाकलूला बोट रोखून विचारत होता, की सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीला त्याच्यासमोर टिकला असा एक माणूस दाखव.

मी दोन दिवस ऐकलं. कोण कुणासमोर टिकला, जमीन किती, पंच कोण, काही कळेना. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला की वाद अमेरिकेतल्या दोन बास्केटबॉल खेळाडूंचा आहे. एकाचं नाव जॉर्डन, दुसऱ्याचं ओलाजुवान. आयुष्यातलं एकच वर्ष धरायचं झालं तर कुणाचं वर्ष सगळ्यात मोठं, एवढाच प्रश्न होता. तो चार वर्षं चालला.

अनंता धरणावर पाण्याची पातळी मोजायचा. रोज सकाळी आठ वाजता पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. वाऱ्यानं लाट आली तर पट्टीसमोर उभा राहायचा, लाट बसली की मगच लिहायचा. बावीस वर्षांत त्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती. हे मला त्यानं स्वतः कधी सांगितलं नाही, सगळ्या कॉलनीनं सांगितलं. धाकलू धरणाच्या दरवाजांना ग्रीस लावायच्या कामावर होता. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दोघंही किन्हवलीकडचे, बालपणापासूनचे सोबती.

कोर्ट एका जुन्या साहेबांनी बांधून घेतलं होतं. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या मुलानं इंग्रजी मासिकांचा गठ्ठा मागे टाकला, तो अनंतानं उचलला. इंग्रजी त्याला फारसं येत नव्हतं, पण आकडे येत होते. पुढे कॉलनीच्या हॉलमध्ये केबल आली आणि त्या आकड्यांना हातपाय फुटले.

अनंताचं म्हणणं असं, की जॉर्डननं त्या वर्षी सामन्यामागे पस्तीस गुण काढले आणि वर बचावातही पहिला मान मिळवला. धरण काठोकाठ भरलं म्हणजे भरलं. धाकलू विचारायचा, की मग कप कुठे आहे? ओलाजुवाननं त्र्याण्णव-चौऱ्याण्णवला सगळे मान घेतले आणि कपही नेला. भरलेलं पाणी मुंबईला पोचलंच नाही तर त्या भरण्याला काय चाटायचं? यावर अनंता म्हणायचा, पोचवणं पाइपाचं काम, धरणाचं नाही. मग दोघं माझ्याकडे वळायचे. माई, तुमी सांगा.

मी काय सांगणार? मी त्यांना आमच्या फडातल्या जनीची गोष्ट सांगितली. एका वर्षी ती अशी गायली की जानेवारीत म्हसा गावच्या जत्रेत बैलांचे व्यापारी सौदे सोडून तंबूत येऊन बसले. पुढच्या वर्षी तीच जनी, तेच गाणं, आणि माणसं विड्या फुंकत बाहेर उभी. तेव्हा वर्ष गाणाऱ्याचं असतं की ऐकणाऱ्याचं, हेच मला अजून कळलेलं नाही, असं मी म्हणाले. दोघांनी ते शांतपणे ऐकलं आणि दोघांनीही धुडकावून लावलं.

अनंताला या खेळाचं एवढं वेड का, हे मात्र त्यानं एकदा मला नीट समजावलं. अमेरिकेत बास्केटबॉलचं वर्ष दोन आकड्यांत लिहितात. पंच्याण्णव-शहाण्णव, शहाण्णव-सत्त्याण्णव. धरणावरही तसंच. पाण्याचं वर्ष एक जूनला उघडतं आणि पुढच्या मे महिन्यात मिटतं. पाणी जानेवारीत सुरू होत नाही. त्याला वाटायचं, हे ज्या लोकांना कळतं ती माणसं शहाणी असणार. मला ते लगेच पटलं, कारण आमच्या फडाचं वर्षही दसऱ्याला उघडायचं आणि अक्षय्य तृतीयेला तंबू गुंडाळला की मिटायचं.

कॉलनीच्या मुलींचा संघ होता, त्याचे गुणही अनंताच लिहायचा, तसल्याच रजिस्टरात, तशाच पानांवर. त्या संघात दोन मुली होत्या. एक वैष्णवी, ऑफिसातल्या क्लार्कची. नेमकी, शांत, एकही दिवस न चुकवणारी. दुसरी सावळी, वरच्या पाड्यावरची. तिची आई सकुबाई कॉलनीत रानभाजी आणि करवंदं विकायला यायची. आई दारोदार फिरून येईपर्यंत सावळी कोर्टाबाहेर गेलेला बॉल आणून द्यायची. एके दिवशी तिनं तो आणून दिला नाही, तिथूनच रिंगमध्ये टाकला. तेव्हापासून ती संघात.

दोन हजार सालच्या एप्रिलात ठाण्याहून पत्र आलं. मुलींचं शिबिर भरणार होतं, जिल्ह्याचा संघ त्यातून निवडायचा होता. प्रत्येक मंडळानं एकच नाव पाठवायचं, सन १९९९ मध्ये जिची कामगिरी सर्वांत चांगली तिचं. पाइपांवर मोठी सभा भरली. धाकलूला वाद हवा होता, पण अनंतानं तो होऊ दिला नाही. अमेरिकेबद्दल कितीही बोला, म्हणाला, इथं पोरींचं आयुष्य आहे, इथं रजिस्टर बोलेल. त्यानं नव्व्याण्णव-दोन हजारचं पान उघडलं. वैष्णवी, चौदा सामने. सावळी, चार. वैष्णवीचं नाव गेलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही.

शिबिराला तीन दिवस उरले असताना सकुबाई आमच्या पायरीवर येऊन बसली. करवंदांची टोपली खाली ठेवली, मला पान भरून करवंदं दिली, आणि मग विचारलं, की सावळीचं नाव का नाही गेलं. तक्रार नव्हती. पोरगी दोन दिवस जेवली नाही, तिला काय सांगायचं तेवढं तिला हवं होतं. मी अनंताला बोलावलं. तो रजिस्टर घेऊनच आला आणि अक्षर न येणाऱ्या त्या बाईसमोर त्यानं पान धरलं.

"चारच सामने हायेत, सकुबाई. मी तरी काय करू?"

"औंदा आमी इटांच्या भट्टीवर गेल्तो, म्हून चार," सकुबाई म्हणाली. "पन त्याच्या आदी? म्हशाची जत्रा झाली तवा मुरबाडला तिनं त्या सगल्यांना रडवलं. शिमग्याला पन खेलली. ता कुटं गेला?"

"ते आदल्या पानावर हाय. ते वर्ष सरलं."

"कदी सरला?"

"मे महिन्यात."

सकुबाई माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, कारण मलाही ते बरोबरच वाटत होतं. तंबू गुंडाळल्यावर वर्ष सरणार नाही तर काय होणार? आम्ही तिघं त्या पायरीवर एका वर्षाकडे तीन बाजूंनी बघत होतो आणि ते कुणालाच पूर्ण दिसत नव्हतं. तेवढ्यात अनिता ड्यूटीवरून आली. चपला काढता काढता तिनं ऐकलं आणि सहज म्हणाली, "पण काका, सन नव्व्याण्णव म्हणजे जानेवारी ते डिसेंबर ना?"

अनंता तिथेच पायरीवर बसला. मग त्यानं एका पानावरचे जानेवारी ते मे घेतले, दुसऱ्या पानावरचे जून ते डिसेंबर घेतले, आणि माझ्या भाजीच्या कागदी पिशवीवर पेनानं बेरीज केली. सावळी, सतरा सामने. वैष्णवी, नऊ. गुणांचं विचारूच नका. त्यानं दुसऱ्यांदा बेरीज केली. तिसऱ्यांदा केली नाही.

संध्याकाळी पाइपांवर गोंधळ झाला. कुणी म्हणे नाव गेलं ते गेलं. कुणी म्हणे वैष्णवीचा खेळ आजच्या घडीला जास्त पक्का आहे, मग चूक कसली? सावळीचा जोर जत्रेपासून मेपर्यंतच होता. पाच महिन्यांच्या जोराला वर्ष म्हणायचं का? धाकलूनं तोडगा काढला, की उद्या दोघींना समोरासमोर खेळवा, जिंकेल ती जाईल. सगळ्यांना ते आवडलं. खरं सांगते, मलाही आवडलं. माणसं जमली असती.

"आजचा खेळ कोण मागतंय?" अनंता म्हणाला. "त्यांनी साल मागितलंय."

तो उठून वैष्णवीच्या घरी गेला. मला बरोबर घेतलं, बहुधा त्यांनी दार लावून घेऊ नये म्हणून. वैष्णवीची बॅग पलंगावर भरून ठेवलेली होती. तिचे वडील ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा आखडत गेला. त्यांनी सरळ विचारलं, की मुलीनं काय चूक केली? अनंता म्हणाला, तिनं काही नाही, मी केली. वडिलांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. वैष्णवी आतल्या दारात उभी होती. ती रडली नाही, हेच जास्त वाईट.

"काका, मग माझं साल कुठलं?"

"दोन हजार," अनंता म्हणाला. "दोन हजार तुझंच आहे, बाय."

"ते कुणी मागितलंय का?"

रस्त्यानं परत येताना अनंतानं मला तीन वेळा विचारलं, माई, मी बरोबर करतोय ना? मी तीनही वेळा हो म्हणाले, आणि तीनही वेळा मला वाटलं की नाही म्हणायला हवं होतं.

सकुबाई पोरीला एकटीला पाठवणार नव्हती आणि एकट्या अनंताबरोबरही नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो, अनंता, सावळी आणि मी. अनंतानं त्या दिवसाची पातळी धाकलूवर सोपवली होती आणि शहापूर येईपर्यंत त्याला तीच काळजी होती, की तो लाट बसायची वाट बघेल का? सावळी खिडकीशी होती. आसनगाव गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "माई, वैष्णवीताय मला परत खेलाया घेल का?" मी म्हणाले, घेईल. मला काय माहीत?

ठाण्याला मैदानाच्या फाटकाशी टेबल टाकून एक मॅडम बसल्या होत्या. अनंतानं सावळीच्या नावाचं नवीन पत्र पुढे केलं आणि उभ्यानंच सांगितलं, की वर्ष मोजण्यात माझी चूक झाली. धरणावर वर्ष जूनपासून धरतात. मॅडमना धरण कळेना. त्यांनी यादी पाहिली, पत्र पाहिलं, घड्याळ पाहिलं. मग त्या चांगल्या मनानंच म्हणाल्या, की मला एकच नाव घेता येतं, आणि वर्षाबिर्षाचं राहू द्या. तुम्ही दोघींना रोज बघता, तर चांगली कोण तेवढं सांगा, तिला ठेवू.

आमच्या मागे रांग होती. सावळी माझा पदर धरून उभी होती. मला वाटलं, आता हा बोलेल, चार वर्षं हाच तर प्रश्न चघळलाय यानं. धाकलूला निरुत्तर करणारी वाक्यं मी याच्याच तोंडून ऐकली होती. आत्ता त्यातलं एक म्हटलं की झालं. पण अनंता टेबलाकडे बघत राहिला.

"ते मला नाय सांगता येत, म्याडम," तो म्हणाला. "पण नव्व्याण्णव साल हिचं आहे."

मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग सावळीकडे. मग वैष्णवीच्या नावावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात दुसरं नाव लिहिलं. सावळीला आत पाठवलं. ती वळून न बघता गेली.

आम्ही कुंपणाबाहेर उभे राहिलो. निघायला हवं होतं, पण दोघांपैकी कुणी निघेना. आत मुलींना ओळीनं उभं केलं, एकेकीला तीन तीन बॉल दिले. सावळीची पाळी आली. पहिला बॉल रिंगला लागून बाहेर गेला. दुसरा रिंगलाही लागला नाही. अनंतानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि मग आम्ही दोघंही कुंपणाची जाळी धरून पुढे वाकलो.