कमान उतरेपर्यंत

मी बायकांचा पळण्याचा ग्रुप काढला तो त्यांच्या तब्येतीसाठी नाही. सूड उगवायला काढला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समाजसेविका समजायला नको.

नवीन पनवेलात आमच्या शेजारच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. बेलापूरला चांगल्या हुद्द्यावर नोकरी, पोट सपाट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. रविवारी पळणाऱ्यांचा एक ग्रुप ते चालवायचे, म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी एकदा जाहीर केलं की आमच्यात सगळ्यांचं स्वागत आहे, वय नका बघू, वजन नका बघू. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि जिना चढताना दोन मजल्यांवर थांबायचे. बोलण्याला भुलले आणि गेले.

पहिल्याच रविवारी सगळ्यांनी आपापल्या पिशव्या कॅप्टनच्या गाडीच्या डिकीत ठेवल्या. माझीही ठेवली. तिच्यात फोन होता आणि घराची किल्ली होती. सहा किलोमीटर जाऊन यायचं होतं. पहिल्या वळणावरच सगळे दिसेनासे झाले. मी पळत, चालत, कुणाच्या तरी कुंपणाला धरून उभी राहत परत आले, तेव्हा मैदानात एक कुत्रा होता आणि चहावाला भांडी घासत होता. गाडी नव्हती. माणसं नव्हती. चहावाला म्हणाला, फोटो काढून गेले सगळे, झाला अर्धा तास.

नवरा कामासाठी नाशिकला गेलेला. मी घामाने चिकटलेल्या कपड्यांत आमच्या जिन्यात साडेअकरापर्यंत बसून राहिले. येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं वहिनी. शेवटी कॅप्टन पिशवी घेऊन आले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"अहो वहिनी, तुम्ही मागे राहिलात? लक्षातच आलं नाही."

वर मला सल्लाही दिला की पुढच्या वेळी पाणी वाटायला उभ्या राहा, त्यातही मजा असते. घरात जाऊन फोन पाहिला तर ग्रुपवर फोटो आलेला, खाली लिहिलेलं, ‘आजची संपूर्ण टीम’. मी भांडले असते तर बरं झालं असतं. पण मी भांडले नाही, मी डूख धरला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून पळायचे पायमोजे वाटले. बायका हसून हसून लोळल्या. एकीने विचारलं, हे पूजेत कुठे ठेवायचे? मी म्हटलं, रविवारी सकाळी सहाला तळ्याकाठी या, तिथे सांगते. आठ जणी आल्या. कुणी पंजाबीत, कुणी नवऱ्याच्या टीशर्टात, एक तर चापूनचोपून नेसलेल्या साडीत. मी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून शिकले होते तेवढंच शिकवलं. एक मिनिट पळायचं, तीन मिनिटं चालायचं. दर पंधरवड्याला पळणं वाढवायचं. नियम दोनच. जी आधी पोचेल तिने मागे जाऊन शेवटचीला घेऊन यायचं, आणि शेवटची आल्याशिवाय फोटो नाही.

हे दोन्ही नियम कॅप्टनच्या नाकावर टिच्चून केले होते. बायकांना वाटायचं, ताईचं मन किती मोठं.

साडीवाल्या काकू मूळच्या उलव्याकडच्या. शेती विमानतळात गेली, आता लेकाबरोबर आमच्याच रस्त्यावर मोठ्या बंगल्यात राहतात. लहानपणी करंजा बंदराहून सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन आईमागे धावायच्या. म्हणाल्या, पैसे आले आणि बसून बसून गुडघे गंजले. दोन महिन्यांत त्या सगळ्यांच्या पुढे पळायला लागल्या. पावसाळा संपेपर्यंत आम्ही एकवीस जणी झालो. रविवारी आम्ही तळ्याला फेरी मारताना कॅप्टनची माणसं समोरून यायची आणि कॅप्टन अंगठा वर करायचे. तो अंगठा मला पिरगाळावासा वाटायचा.

मग नवरात्रात कॅप्टनची बायको माझ्या दारात आली.

चार वर्षांत आम्ही सोसायटीच्या फाटकात हसण्यापलीकडे बोललो नव्हतो. हळू आवाजात म्हणाली, मलाही पळायचंय. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, तुझ्याच्याने होणार नाही, उगाच माझं हसं करशील. त्यांना कळू न देता शिकवाल का? रविवारी जमणार नाही, पण मंगळवार-गुरुवार ते ऑफिसला गेले की मोकळी असते.

त्याच आठवड्यात रस्त्यावर फलक लागला होता. डिसेंबरात कॅप्टनच्या ग्रुपची मोठी शर्यत, पाच किलोमीटरही ठेवलेली, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘शेवटचा धावपटू येईपर्यंत आमची कमान उभी राहील.’ मी तो फलक रोज वाचत होते आणि रोज माझं डोकं फिरत होतं. दारात उभी असलेली ती बाई बघून मला एकदम सगळं दिसलं. कमान उभी, पाहुणे ताटकळलेले, ऊन वाढतंय, कॅप्टन घामाघूम, आणि शेवटची येतेय ती त्याचीच बायको.

मी म्हटलं, या की वहिनी. शर्यतीतच पळा. नाव माहेरचं देऊ.

तिच्यासारखी शिष्या मला मिळाली नाही. कधी उशीर नाही, कधी तक्रार नाही. पाऊल हलकं पडायचं, श्वास पळतानाही एका लयीत. दुसऱ्या आठवड्यातच मला कळलं की हिला पाच मिनिटं सहज पळता येतील, महिन्याभरात न थांबता पाच किलोमीटर. आणि म्हणूनच मी तिला एका मिनिटावर अडकवून ठेवलं. मिनिट झालं की मी शिट्टी वाजवायचे. ती थांबायची, म्हणायची, अजून थोडं जमलं असतं ताई. मी गंभीर चेहरा करून सांगायचे, तुमचा दम कच्चा आहे, घाई केलीत तर गुडघे जातील. ती मान डोलवायची. घरी एकाने सांगितलेलं इथे दुसरीने सांगितलं, तिला पटलं. अडीच महिने मी हे केलं आणि मला एक रात्र झोप लागली नाही असं झालं नाही.

शर्यतीच्या दिवशी आमच्या बायका पुढे गेल्या आणि मी तिच्याबरोबर मागे राहिले. मिनिटभर पळायचं, मग चालायचं. मी दोनदा बुटाची नाडी बांधली, पाण्याच्या टेबलाशी गप्पा मारल्या, एकदा पोटात दुखतंय म्हणाले. ती बिचारी माझी पाठ चोळत बसली. डिसेंबरातही साडेआठनंतर पनवेलचं ऊन चावतं. शेवटचा किलोमीटर लागला तेव्हा रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. लांबून माइकवर कॅप्टनचा आवाज येत होता, शेवटचे स्पर्धक येतायत, दोन मिनिटांत बक्षीस समारंभ सुरू करतो. हेच त्यांनी तीनदा सांगितलं. तो आवाज चिरकत होता आणि मला इतका आनंद होत होता की हसू लपवायला मी तोंडावर रुमाल धरला.

तेवढ्यात समोरून काकू आल्या. मेडल गळ्यात, नियमाप्रमाणे शेवटचीला न्यायला. आमच्याबरोबर चालत त्यांनी मिनिटभर आमचं तंत्र पाहिलं.

"ताई, यांना अजून एकच मिनिट हाय? आमाला तर तुमी महिन्याभरात पाच मिनिटं पळवलं. यांच्या पायाला काय दुखणं हाय का?"

मी शिट्टी वाजवली. पण ती आधीच थांबली होती.

"माझ्या पायाला काय झालंय, ताई?"

खोटं बोलायला मला अडीच महिन्यांचा सराव होता, तरी त्या वेळी एकही खोटं सुचलं नाही. मी सांगितलं की तुमच्या नवऱ्याला उन्हात उभं ठेवायचं होतं. जिन्यातली गोष्ट सांगितली, किल्लीची, फोटोची. सगळं दोन वाक्यांत संपलं. इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

"त्यांना उभं ठेवायचं होतं," ती म्हणाली. "आणि मला?"

उत्तराची वाट न बघता ती पळायला लागली. मिनिट झालं, दोन झाली, शिट्टी माझ्या हातातच होती. ती थांबली नाही. काय सुंदर पळत होती. मीही मागे धावले, पण इतके दिवस तिच्याबरोबर चालून चालून माझीच सवय मोडली होती. काकू माझ्याजवळ राहिल्या. त्यांचं काही चुकलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं.

कमान मला दिसायला लागली तेव्हा ती कमानीखालून आत गेली होती.  माइकवर कॅप्टनचा आवाज आला, बायकोलाच विचारत होते, की मागे अजून कुणी राहिलंय का.

"नाही," माइकवर तिचा आवाज आला. दम अजिबात लागलेला नव्हता. "मीच शेवटची."

कमानीत हवा भरणाऱ्या पंख्याची घरघर बंद झाली. कमान आधी मधून वाकली, मग हळूहळू खाली बसली. मी पोचेपर्यंत दोन माणसं तिची घडी घालत होती. आमच्या बायका पलीकडे पोह्यांच्या रांगेत होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्या क्षणी कॅप्टनने बायकोला ओळखलं, त्या क्षणाचा चेहरा बघायला मी अडीच महिने घालवले होते. तो मी पाहिलाच नाही.

कॅप्टन माइकची वायर गुंडाळत होते. मला बघून थबकले. चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"अहो वहिनी, तुम्ही मागे होतात? लक्षातच आलं नाही."

त्यांच्या मागे ती उभी होती. मेडल गळ्यात न घालता हातात धरलेलं.

"माझ्या लक्षात होतं," ती म्हणाली, आणि पोह्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.