मुकुंदकाकांची खुंटी

सप्टेंबर १७३७ मध्ये, दीड दिवसात, लेनापे या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना लुटलं गेलं. मुकुंदकाकांबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच. महिन्यापूर्वी ते गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या टाइपरायटरवर हेच वाक्य अर्धवट होतं…

काका सर्व्हेयर. हयातभर न्यू जर्सीत लोकांच्या हद्दी आखल्या. नदीपलीकडच्या पेनसिल्वेनियाची ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन, असा एक जुना करार वसाहतीच्या गोऱ्या मालकांनी पुढे केला. लेनापेंना वाटलं, माणूस चालेल, बसेल, जेवेल. मालकांनी आधीच झाडं तोडून वाट साफ केली आणि बक्षीस लावून धावणारे आणले. तिथले तुकडे तर त्याआधीच विकायला काढले होते.

गेल्या वर्षी, १९८५ च्या सप्टेंबरात, आम्ही दोघं त्याच वाटेने निघालो. काका माणसासारखे चालले. दुपारी रस्त्याकडेला बूट-मोजे काढून बसले, काकूंनी दिलेली पोळीभाजीची पुरचुंडी सोडली. पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, कार बंद पडली का? "नो ऑफिसर, वी आर मेझरिंग," काका म्हणाले, आणि मला हळूच, "खोटं नाही ना बोललो?" दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रस्त्याच्या कडेला लाल फडकं बांधलेली खुंटी ठोकली. धावणारे जिथवर पोचले होते ते पोकोनोचे डोंगर अजून बरेच पुढे होते. "सरळ चालणारा इथवर पोचतो. पुढचं सगळं चोरीचं."

त्या डोंगरांत आपल्या मराठी मंडळातल्या काही डॉक्टर-इंजिनिअरांनी मिळून प्लॉट घेतलेत. काकांनाही आग्रह झाला. "मुकुंदा, तू मोजून दे यार, कोपऱ्यातला तुला ठेवतो," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "मोजून झालंय. तुमचं सगळं माझ्या खुंटीच्या पलीकडे पडतं." सगळे हसले. काका हसले नाहीत.

आणि शोकसभेत याच अध्यक्षांनी, काकूंना न विचारता, जाहीर केलं की प्लॉटच्या फाटकावर काकांचं नाव लागणार: मुकुंदवन. मी उभी राहिले. "बेटा, आज पॉलिटिक्स नको," ते म्हणाले. मग काकू बोलल्या. "जिवंतपणी त्यांनी तिथे पाय ठेवला नाही. मेल्यावर राखणीला बसवताय?"

पाटी तरीही लागली. मी जाऊन पाहून आले.

झालं गेलं विसर, असं मला सांगू नका. वेस्ट विंडसरला मंडळाचा कार्यक्रम असेल तेव्हा पार्किंग लॉटमधल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर माझं पत्रक असेल: नकाशा, खुंटी आणि प्लॉटवाल्यांची नावं. इंग्रजीतसुद्धा, तुमच्या मुलांना वाचता यावं म्हणून.

खुंटी अजून तिथेच आहे. परवा मी नवं फडकं बांधलं. प्लॉटवाल्यांनो, डोंगरात जाताना तुमच्या गाड्या तिच्या शेजारूनच जातात. या शनिवारी तिथे उतरा आणि तिच्याकडे नीट बघा. मग वर जा, काकांचं नाव फाटकावरून काढा आणि ती पाटी काकूंच्या हातात आणून द्या. त्यानंतर जमीन. लेनापे संपलेले नाहीत, कुणाला परत करायची ते मी सांगते. आधी पाटी उतरवा.