मी आणून दिलेली ट्यूब

माझ्या मोठ्या जाऊबाईंना घरात सगळेच अक्का म्हणतात. रावेरकडे आमचा केळीचा मळा आहे, तो दीर आणि अक्का सांभाळतात. मी आणि माझे यजमान जळगावात शिक्षक. लग्न होऊन आल्यापासून अक्का उन्हात राबत आल्या. हळूहळू त्यांच्या गालांवर, नाकावर, कपाळावर वांग चढले. त्या कधी काही बोलल्या नाहीत. फक्त फोटो काढायची वेळ आली की स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायच्या.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्या शाळेतल्या बाया तोंडाले काय लावता वं?"

मला भरून आलं. आमच्या शाळेतल्या एक बाई एका क्रीमचं फार कौतुक करायच्या. मी मेडिकलमध्ये जाऊन ती ट्यूब घेतली. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही, मीही मागचं बारीक अक्षर वाचलं नाही. पंधरा दिवसांत अक्कांचा चेहरा उजळला. लग्नात त्या मुलीशेजारी उभ्या राहून हसल्या, आणि ते आपण केलं म्हणून मी मनातून खूश होते.

लग्नानंतर ट्यूब थांबली असेल, असं मी धरून चालले. ती थांबली नव्हती. अक्का गावातच ती घ्यायला लागल्या होत्या, कारण एक दिवस चुकला तरी वांग पुन्हा दिसायचे.

दीडेक वर्षाने मी सुट्टीत गावी गेले, तर अक्का डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळून बसलेल्या. मी ती सोडायला लावली. गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर लव वाढलेली. "चुलीजोळ गेलं का आग होते," त्या म्हणाल्या. "केळीच्या मयात तं जाताच येत नाही."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना जळगावात त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिंग लावून त्यांनी चेहरा बराच वेळ पाहिला, मग ट्यूब हातात घेतली. "यात स्टेरॉइड आहे. उन्हाने कातडी आधीच दुखावलेली, त्यावर हे रोज लावलं. कोणी दिलं हे?"

मी तोंड उघडणार, तोच अक्का म्हणाल्या, "कोनी नाही. मीच आनली मेडिकलवरून."

मी ते तसंच राहू दिलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ट्यूब बंद केल्यावर काही आठवडे चेहरा आणखी पेटेल, ते सोसावं लागेल. त्यांनी पोटात घ्यायच्या गोळ्या, एक साधं सौम्य मलम आणि उन्हासाठी सनस्क्रीन लिहून दिलं. सकाळी लावायचं आणि बाहेर असलं तर दोन-तीन तासांनी पुन्हा. "वांग पूर्ण जातील असं मी म्हणणार नाही. फिके होतील. पण आधी कातडी बरी होऊ दे."

मी अक्कांना आमच्याकडेच ठेवून घेतलं. ते तीन आठवडे वाईट गेले. चेहरा सुजला, खपल्या धरल्या. त्या गार पाण्याची घडी गालावर धरून पलंगावर बसायच्या. एकदा म्हणाल्या, "थोडीशीच लावू का? फकस्त आजच्या दिवस." मी उरलेली ट्यूब त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकली.

त्याच दुपारी मी विचारलं, "अक्का, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"सांगून काय व्हनार होतं? तू काय वाईट चिंतून आनली होती?" मग म्हणाल्या, "आन मले बी गोरं व्हायचंच होतं ना."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "आता दुसऱ्या कोणाला देऊ नका," एवढंच म्हणाल्या. शाळेतल्या त्या बाईंनाही मी गाठून त्या क्रीमबद्दल सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. बरेच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

अक्कांना बरं व्हायला वर्ष लागलं. आग थांबली, लाली उतरली. गालावरचे वांग फिके झाले, नाकावरचे आहेत तसेच आहेत. आता त्या सकाळी लवकर मळ्यात जातात, अंगावर दिरांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर रुंद काठाची टोपी. सुरुवातीला बाया हसल्या. अक्का म्हणाल्या, "हसा. मी तं घालनार."

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "त्या डाक्टरबाईचा नंबर लावून ठेव. आपल्या मयातल्या एका बाईच्या पोरीनं तसलीच ट्यूब लावेल हाये. मी घेऊन येते तिले."

सकाळच्या बसने दोघी उतरल्या. मुलगी ओढणीआड मान खाली घालून उभी होती. अक्कांनी रिक्षात तिला आतल्या बाजूला, सावलीत बसवलं आणि दवाखान्यापर्यंत तिचा हात धरून ठेवला.