दहा इंची पुली

काल विंटर टायर्स काढताना बेसमेंटच्या कोपऱ्यात ती दहा इंची पुली सापडली. तिचा तेलकट वास अजून तसाच होता. बाबा पुण्याहून इकडे परदेशात, आमच्याकडे मिल्टनला आले, तेव्हा त्यांनी जुन्या बँड सॉला, म्हणजे पट्टीच्या करवतीला, मोटर बसवायला घेतली होती. मी ऑफिसातून दमून घरी पोचायचो आणि ते कानावर पेन्सिल खोचून वाट बघत असायचे. "मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांची. लोखंड कापायला पातं हळू हवं, म्हणजे करवतीकडची पुली मोठी, दहा इंची," त्यांनी पुण्याच्या कारखान्यातल्या सवयीने सांगितलं. मी मान डोलावली आणि पुली आणून दिली. पहिल्याच सळईवर पातं नको तेवढं जोरात फिरलं, धूर निघाला, दाते जळाले. बाबांनी गुडघे टेकून मोटरवरची पाटी वाचली. "सतराशे पंचवीस," ते हळूच म्हणाले. "इथली वीजच वेगळी, मोटर जास्त वेगाने फिरते. बारा इंची लागली असती. तुला ठाऊक होतं का रे?" मी नाही म्हणालो. पाटी मी पहिल्याच दिवशी वाचली होती. पण बोललो असतो तर ते सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडत बसले असते, आणि मला झोपायचं होतं. आता बाबा नाहीत, आणि कालची अख्खी संध्याकाळ मला रिकामी होती.